नऊशे अडुसष्ट ग्राम

२ डिसेंबर, सोमवार

पोचलो बुवा खामगावला. जलंबला मोठी गाडी सोडली आणि खामगावच्या छोट्या गाडीत बसलो. डब्यात मी धरून अकरा माणसं आणि एक शिवणयंत्र. शिवणयंत्राची मालकीण मला सारखी पाय वर घ्यायला सांगत होती. वर्षभरात पहिल्यांदा हसू आलं.

घर छान आहे. मालक देवानंद इंगळे, बाजार समितीतले निवृत्त मापारी. पस्तीस वर्षं लोकांच्या कापसाचं वजन केलं, आणि अजून हात थांबत नाहीत. दुधाची पिशवी आली की आधी काट्यावर, मग पातेल्यात. केळीवाला त्यांना बघून गल्ली बदलतो, असं त्यांची बायको चांगुणाताई म्हणाल्या. माझी खोली वर आहे. खिडकीतून समोरच्या जिनिंगचं पटांगण दिसतं, तिथं कापसाचे ढीग. रुई उडत असते, विजेच्या तारांवर जाऊन बसते. जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. दोन भाकरी खाल्ल्या.

कामाचं लिहून ठेवतो. मी ग्राहकांच्या एका मासिकासाठी घरगुती यंत्रं तपासतो. मिक्सर, पंखे, गिझर, संगणक, आणि आता हा लॅपटॉप. संपादकांचं म्हणणं असं की नाशिकच्या थंडगार कचेरीत बसून तपासलेलं यंत्र सामान्य माणसाच्या काय कामाचं? जिथं दुपारी लाईट जाते, धूळ उडते, तिथं पंधरा दिवस साध्या माणसासारखा वापर आणि मग बोल. मीही लगेच हो म्हटलं. नाशिकच्या घरापासून लांब जायला मला काहीही निमित्त चाललं असतं.

३ डिसेंबर, मंगळवार

खोकं उघडलं. यंत्र देखणं आहे, हे मान्य करायला मला त्रास होतो, कारण देखण्या यंत्रांवर माझा विश्वास नाही. तेरा इंची पडदा, फिकट मोतिया रंग, धातूचं अंग. झाकण एका बोटानं उघडतं आणि बूड जागचं हलत नाही. हे भल्याभल्या यंत्रांना जमत नाही. आत पंखा नाही, म्हणून आवाज नाही. तक्रारी दोन. वायर जोडायला जागा दोनच, म्हणजे साधा पेनड्राइव्ह लावायचा तरी वेगळा जोड विकत घ्या. आणि झाकणावर बोटांचे ठसे उठतात.

जाहिरात म्हणते, वजन नऊशे अडुसष्ट ग्राम, ‘जवळ आहे हे विसरून जाल.’ देवानंदभाऊंनी आधी काट्यावर सरकारी छापाचं किलोचं वजन ठेवून काटा बरोबर आहे हे मला दाखवलं, मग लॅपटॉप ठेवला. बरोबर नऊशे अडुसष्ट. ते जरा खट्टू झाले. कुणीतरी खरं बोललं की मापाऱ्याला करमत नसावं.

४ डिसेंबर, बुधवार

माझी पद्धत वीस वर्षांची आहे. तपासायच्या यंत्रावर नोंदी ठेवायच्या नाहीत, त्या या वहीत, पेनानं. कळफलक तपासायचा तर रोज हजारेक शब्द स्वतःच्या मनातले टाइप करायचे. पुस्तकातून उतरवताना नजर हलते, आणि बोटं खरी कशी चालतात ते कळत नाही. काय लिहितो याला महत्त्व नाही. संध्याकाळी तो मजकूर पुसायचा, यंत्र कोरं करून झाकायचं. वीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

आज बसलो आणि काय लिहावं सुचेना. मग बोटं आपोआप तिच्याकडे गेली. तिला सायकल शिकवली त्या सुट्टीबद्दल लिहिलं.

ती म्हणजे माझी मुलगी. मागच्या वर्षी सप्टेंबरात गेली. तापानं, चार दिवसांत. नऊ वर्षांची होती. तिचं नाव या वहीत लिहिणार नाही, ही कामाची वही आहे. नाव लिहिलं की काम होत नाही.

कळफलक फार चांगला. कळा मऊ, पण दाबल्याचं बोटाला कळतं. इतकं सलग मी वर्षभरात लिहिलं नव्हतं. पुसताना वाईट वाटलं नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

काल तिच्या आजोळच्या दिवाळीबद्दल लिहिलं, आज शाळेच्या पहिल्या दिवसाबद्दल. दोन्ही दिवस बॅटरी साडेअकरा तास चालली. कंपनी चौदा म्हणते. दुपारी दीड तास लाईट गेली, कळलंसुद्धा नाही.

आज सहा डिसेंबर. घरची दोघं पांढरे कपडे घालून विहारात जाऊन आली. आल्यावर चांगुणाताई चहा घेऊन वर आल्या आणि दारातच टेकल्या. त्यांनी मला सरळ विचारलं, घरातलं कोण गेलं? मी म्हटलं, मुलगी. त्या म्हणाल्या, इथल्या गल्लीत कुणी गेलं तर महिनाभर दुपारी बाया त्या घरी जाऊन बसतात. रोज एक गोष्ट सांगायला लावतात, गेलेल्या माणसाची. "सांगतलं का हलकं वाटते, भाऊ. आन् ते ऐकणाऱ्याजवळ राह्यते, वाया नाही जात. पोटात ठेवून काऊन फिरता?"

मी मान डोलावली आणि कप परत दिला. बायांपुढे बसून रडणारा माणूस मी नव्हे. माझं मी टाइप करतो आहे, आणि हलकं तर मलाही वाटतं आहे.

७ डिसेंबर, शनिवार

गंमत झाली. देवानंदभाऊंनी सहज लॅपटॉप उचलला आणि थांबले. म्हणाले, वाढला. मी थट्टा केली. त्यांनी काट्यावर ठेवला. नऊशे चौऱ्याण्णव.

धूळ असेल म्हणून पुसला. रुई अडकली असेल म्हणून फटी पाहिल्या. नऊशे चौऱ्याण्णवच. देवानंदभाऊ दोनदा छापाचं वजन ठेवून आले. काटा बरोबर. त्यांनी डोकं खाजवलं: "कापूस पाणी पेला तं वजन वाढते, हे मले समजते. हे काय पिऊन राह्यलं बाप्पा?"

संपादकांना कळवलं पाहिजे. आधी खात्री करतो.

९ डिसेंबर, सोमवार

एक किलो चाळीस.

अनुपमाचा फोन आला. अनुपमा, माझी बायको. सोळा तारखेला मुलगी अकरा वर्षांची झाली असती. अनुपमाला तो दिवस नाशिकच्या घरात एकटीनं काढायचा नाही. ती पंधराला इकडे येते आहे. आणि या वेळी तिला ते हवं आहे.

‘ते’ म्हणजे शेवटची दुपार. त्या दिवशी अनुपमा कपडे आणायला घरी गेली होती. दवाखान्यात मी एकटा होतो. मुलगी जागी झाली, माझ्याशी बोलली, बराच वेळ बोलली. आईसाठीही काही सांगितलं. मग गेली. अनुपमा दारातून आत आली तेव्हा उशीर झाला होता. सव्वा वर्ष ती विचारते आहे, काय बोलली रे? माझ्यासाठी काय म्हणाली? आणि मी सव्वा वर्ष गप्प आहे. सांगायला लागलो की उठून बाहेर जातो. आज फोनवर ती ओरडली नाही. ते दोघांचं आहे, एकट्याचं नाही, एवढंच म्हणाली. मी शब्द दिला. पंधराला सांगतो.

आजही हजार शब्द टाइप केले. गणपतीच्या सजावटीबद्दल. त्या दुपारबद्दल नाही लिहीत, ती शेवटी. आधी चांगलं चांगलं.

१० डिसेंबर, मंगळवार

झोप फार छान लागते आहे. गोळी न घेता.

सकाळी वही चाळली. ४ तारखेला लिहिलंय की सायकल शिकवल्याबद्दल टाइप केलं. कोणती सायकल? आठवत नाही. कसला रंग, कुठल्या मैदानात, पडली होती का? काहीच नाही. विसरण्यासारखी गोष्ट आहे का ही? आजोळची दिवाळी, तीही नाही. शाळेचा पहिला दिवस, नाही. गणपती तर कालच लिहिला.

एक किलो एकशे सत्तर. देवानंदभाऊंनी स्वतः उचलला, खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले. मला म्हणाले, हे परत पाठवून द्या, साहेब.

११ डिसेंबर, बुधवार

घाबरून चालत नाही. तपासणं हे माझं कामच आहे. आज रीतसर तपासलं.

आधी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: चौथीतले मोतीराम गुरुजी, त्यांनी मला भागाकार शिकवला, त्यांची छत्री, त्यांचा खोकला. मग तेच लॅपटॉपवर टाइप केलं, जरा विस्तारानं. मग पुसलं. चहा प्यायलो. मागचं पान उघडलं.

अक्षर माझं आहे. पण हे गुरुजी कोण, मला ठाऊक नाही. चेहरा नाही, आवाज नाही. भागाकार मला येतो, तो कुणी शिकवला ते गेलं.

काट्यावर अठरा ग्राम जास्त.

दुपारचे तीन वाजले आहेत, लख्ख ऊन आहे, खाली चांगुणाताई मिरच्या खुडताहेत, आणि मी खोलीचं दार आतून लावून घेतलं आहे. ते जे पितं आहे ते मी त्याला पाजलं. सात दिवस, रोज हजार शब्द. आपल्या हातानं मी तिला पुसत बसलो होतो.

१२ डिसेंबर, गुरुवार

लॅपटॉप खोक्यात ठेवला. टाइप करायचं नाही.

पण आता जे उरलं आहे ते भयंकर आहे. चांगलं सगळं आधी दिलं मी. तिचं हसणं, पळणं, हट्ट, सगळं. आता डोळे मिटले की फक्त ती दुपार. सलाईन, पंख्याचा आवाज, तिचा गरम हात. दुसरं काहीच नाही, ज्याला धरून बसावं असं. नऊ वर्षांतली एकच दुपार माझ्याजवळ आहे आणि ती हीच.

अनुपमाला ती द्यायची आहे. रविवारी. तोवर टिकवायची आहे. वहीत लिहून ठेवावी म्हणून तीनदा पेन उचललं. ती जागी झाली आणि म्हणाली, बाबा —

नाही होत. हात चालत नाही.

खाली जाऊन चांगुणाताईंना सांगावी, असं वाटलं. त्यांच्याजवळ राहील. जिन्यापर्यंत गेलो. त्यांच्याकडे कुणी पाहुणे बसले होते, परत आलो. पाहुणे नसते तरी परत आलो असतो, हे मला माहीत आहे. लाज वाटते स्वतःची.

१३ डिसेंबर, शुक्रवार. सकाळ

ठरलं. या यंत्रावर शब्द येतात, बाकी कुठेच येत नाहीत. तर तिथंच लिहितो. लिहून झालं की लगेच अनुपमाला मेल करतो. माझ्या डोक्यातून जाईल, जाऊ दे. तिच्याकडे पोचेल. ती वाचेल, ते तिचं होईल. पोरीनं आईसाठी जे सांगितलं ते आईला मिळेल. मी रिकामा झालो तरी चालेल.

मेलवर अनुपमाचा पत्ता आधीच टाकून ठेवला आहे. चुकायला जागा नाही.

१३ डिसेंबर. संध्याकाळ

दिवस उत्तम गेला. सकाळी ऊन छान होतं. कळफलकाची तपासणी पूर्ण झाली असं म्हणायला हरकत नाही. आज जवळजवळ दोन हजार शब्द झाले, बोटं जराही दुखली नाहीत. आजचा मजकूर कुणा एका आजारी मुलीबद्दल होता, दवाखान्यातला. जरा लांबलचक आणि रडवा. का लिहिला, वर अनुपमाचा पत्ता का टाकला, कोण जाणे. पद्धतीप्रमाणे पुसला, यंत्र कोरं करून झाकलं.

दोन किलो तीनशे चाळीस. झाकण मात्र अजून एका बोटानं उघडतं.

भूक लागली आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

वही वाचली. पहिल्यापासून.

अरे देवा.

वाचलं ते सगळं समजतं आहे. एका माणसाची मुलगी गेली, त्यानं तिची एकूण एक आठवण यंत्राला पाजली, शेवटची जपून बायकोला द्यायची होती, तीही काल पुसली. समजतं. पण तो माणूस मी आहे, हे फक्त अक्षरावरून कळतं. मला रडू येत नाही. मला रडू यायला पाहिजे.

पुसलेलं परत आणायचा प्रयत्न केला. चार तास. काही नाही. मी कामात पक्का आहे.

लॅपटॉप खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी. दोन्ही हातांनी उचलून कपाटाखाली सरकवला. देवानंदभाऊंना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. काट्याकडे बघत राहिले. सोमवारी कुरिअरवाल्याला देऊ, तोवर हात लावू नका, म्हणाले.

वहीत तिचं नाव शोधलं. कुठेच नाही. कामाची वही म्हणून लिहिलं नाही म्हणे.

१५ डिसेंबर, रविवार

अनुपमा आली. स्टेशनवर तिनं माझा हात धरला आणि चालताना सोडला नाही. खोलीत आल्यावर पलंगावर बसली, पदर सावरला, म्हणाली, सांग.

मी वही तिच्या हातात दिली.

तिनं वाचली. मग मला मारलं. खांद्यावर, छातीवर, मुठींनी. मग विचारत राहिली, माझ्यासाठी काय म्हणाली, एवढंच सांग, एकच वाक्य सांग. चांगुणाताई धावत वर आल्या, तिला कुशीत घेतलं. तिचं रडणं ऐकून खाली गल्लीत माणसं थांबली.

नंतर अनुपमा मुलीचं नाव मोठ्यानं म्हणाली. मला आठवावं म्हणून. मी ऐकलं. गोड नाव आहे. वहीकडे वळलो, तोवर गेलं. तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा गेलं. पाच वेळा. सहाव्यांदा ती सांगायची थांबली आणि माझ्याकडे असं बघितलं की —

तिला यंत्राचं पटत नाही. मी आजारी आहे म्हणते. नाशिकला डॉक्टरांकडे नेणार आहे.

१६ डिसेंबर, सोमवार

देवानंदभाऊ आणि चांगुणाताई सकाळीच वडनेर भोलजीला गेले, नात्यात कुणी गेलं, त्याच्या जलदान विधीला. जाताना मला खोक्याकडे बोट दाखवून गेले. कुरिअरवाला चारला येईल.

जेवून पडलो. डोळा लागला.

जागा झालो तो आवाजानं. मऊ आवाज. कळांचा.

अनुपमा खिडकीत बसली आहे. लॅपटॉप मांडीवर. चिकटपट्टी जमिनीवर पडली आहे. तिनं सांगितलं, तुला आठवत नाही ना, म्हणून सगळं लिहून देते आहे, अगदी जन्मापासून. आज तिचा दिवस आहे. वाचलंस की येईल तुझं तुला.

कधीपासून लिहितेस, विचारलं. एकपासून, म्हणाली. आता तीन वाजून गेलेत.

ओरडलो. तिच्या हातातून ओढून घेतला. उचलेना — गुडघ्यावर बसून खाली ठेवला. तिच्या मांडीवर त्याचा वळ उठलाय. तिला दुखलंही नव्हतं —

पडदा काळा. बॅटरी संपली. साडेअकरा तासांची, दोन तासांत —

तिला म्हटलं, नाव सांग. आत्ता. मी लिहितो. पेन हातात आहे, वही उघडी आहे, तू एक एक अक्षर सांग, मी मान वर करणार नाही.

ती बघते आहे. चेहरा किती मोकळा झालाय. लग्नातल्यासारखा. डोळ्याखालचं काळं सुद्धा —

तिनं विचारलं, कोणाचं नाव?

सांगतो तिला. थांब अनुपमा, सांगतो. आज सोळा तारीख आहे, आज आपल्या —